खाड्याचे सहा शिलिंग

गेल्या अंकात एका प्रश्नाच्या ओघात मी लिहून गेलो की हॅरॉल्ड वॅगस्टाफ हा रग्बी लीगचा थोर खेळाडू १५ व्या वर्षी मोठ्यांच्या संघात उतरला होता. त्या एका वाक्यावर यंदा सर्वांत जास्त पत्रं आली. फुटबॉलच्या गोव्यात रग्बीवर इतके प्रश्न येतील असं मला वाटलं नव्हतं. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देतो.

प्रश्न : सर, माझा मुलगा इंग्लंडमध्ये हडर्सफील्डला शिकतो. तिथे स्टेशनाशेजारी एक जुनी हॉटेलची इमारत आहे, तिच्यात रग्बी लीगचा जन्म झाला असं त्याला कुणी सांगितलं. तुम्ही लिहिलेला खेळाडूही तिथलाच म्हणे. रग्बी आणि रग्बी लीग यांत फरक काय? आणि हॉटेलात खेळ कसा जन्माला येतो? – एक आई, साखळी

ताई, तुमचं पत्र आलं त्या सकाळी आमच्या कुळागरात नारळ उतरवणारा पाडेली आला होता. अंगणात असोल्या नारळांचा ढीग होता. त्यातला एक लांबट नारळ उचलून मी नातवाच्या हातात दिला. रग्बीचा चेंडू साधारण तसाच, दोन्ही टोकांना निमुळता. म्हटलं, काखेत घट्ट धर आणि तुळशीच्या दिशेने धावत सुट. चार पावलांत मी त्याला कमरेला मिठी मारून खाली बसवलं. मग सांगितलं, आता उठ, नारळ पायाशी ठेव आणि टाचेने मागे सरकव, मागे तुझा भाऊ उभा आहे, तो उचलून पळेल. तिसऱ्या खेपेला त्यांना जमलं. युनियनमध्ये, म्हणजे मूळच्या रग्बीत, माणूस पडला की दोन्ही बाजूंचे गडी चेंडूभोवती एकमेकांना रेटत बसतात. लीगमध्ये पडलेला गडी उठतो, टाचेने चेंडू मागे देतो आणि खेळ पुढे धावतो. युनियनमध्ये १५ गडी, लीगमध्ये १३. दोन गडी कमी केल्यामुळे मैदानात पळायला वाट मोकळी झाली. आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत जी सात-सात जणांची रग्बी झाली, ती युनियनच्या घरातली.

पण टाचेचा नियम आणि १३ गडी हे १९०६ साली आले. घर फुटलं होतं त्याच्या ११ वर्षं आधी, आणि ते फुटलं पैशावरून.

उत्तर इंग्लंडमध्ये यॉर्कशर आणि लँकाशरच्या पट्ट्यात कापडाच्या गिरण्या आणि कोळशाच्या खाणी. रग्बी खेळणारी पोरं तिथलेच कामगार. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं आणि सामना शनिवारी दुपारी. परगावी जायचं तर सकाळचं काम बुडायचं. आपल्या भाषेत खाडा. खाडा पडला की मजुरी कापली जायची. क्लबांचं म्हणणं एवढंच होतं की जो गडी आमच्यासाठी खेळताना खाडा करतो, त्याची तेवढी भरपाई द्यायची मुभा असावी. १८९३ साली लंडनच्या सभेत यॉर्कशरने हा ठराव मांडला. तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. खेळ शुद्ध राहिला पाहिजे, पैसा शिरला की खेळ बाटतो, असं सांगणारे बहुतेक असे होते की ज्यांना दुपारी सुटायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तरेतल्या क्लबांची माणसं हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमली आणि जुनी संघटना सोडून बाहेर पडली. तुमच्या मुलाला दाखवली ती इमारत हीच. त्यांनी खाड्याचा दर ठरवला, दिवसाला सहा शिलिंग. हा काही पगार नव्हता. गिरणीत जे बुडालं तेवढं भरून देणं, एवढंच. नव्या संघटनेचं नाव नॉर्दर्न युनियन. रग्बी लीग हे नाव इंग्लंडमध्ये १९२२ साली आलं. आणि जुन्या घराने शिक्षा काय केली? जो कुणी तिकडे खेळेल त्याला इकडचं दार कायमचं बंद. जुन्या रग्बी युनियनने स्वतः खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला सुरुवात केली ती १९९५ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी.

ताई, हा इतिहास मी वाचतो तेव्हा मला आमचं जुनं स्वयंपाकघर दिसतं. माझा थोरला भाऊ लेफ्ट विंग खेळायचा. त्याच्यासारखा डावा पाय मी अख्ख्या फोंडे तालुक्यात नंतर पाहिला नाही. तो खाणीवर रोजंदारीला होता. चारची मॅच असली की त्याला बाराला सुटावं लागायचं, म्हणजे अर्धा रोज गेला, वर बसचं भाडं. एकदा त्याने क्लबवाल्यांकडे फक्त भाडं मागितलं. समोरच्याने विचारलं, तुला खेळाची आवड आहे की पैशाची? तो घरी आला, विहिरीवर बूट धुतले, नाड्या वेगळ्या काढून पिळल्या आणि चुलीवरच्या दांडीला वाळत घातले. ते बूट धुराने काळे होईपर्यंत तिथेच राहिले. आई त्यांना हात लावू द्यायची नाही. त्या गृहस्थांचं किंवा क्लबचं नाव लिहीत नाही, ते आता कुणाच्या उपयोगाचं नाही. पण खेळाडूने पैसे मागणं म्हणजे खेळाचा अपमान, हे वाक्य मी कुणाच्याही तोंडून ऐकून घेत नाही.

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. गावच्या मोठ्यांच्या फुटबॉल संघाला तो हवा आहे. वॅगस्टाफ खेळला मग याला काय होतंय, असं ते तुमचा लेख दाखवून म्हणतात. पाठवू का? – एक वडील, डिचोली

माझा लेख असा वापरला गेला याचं मला वाईट वाटलं. आधी वॅगस्टाफचं नीट सांगतो.

त्याचा जन्म १९ मे १८९१ चा, हडर्सफील्डजवळच्या होमफर्थचा. गिरण्यांची दरी ती. हडर्सफील्ड क्लबने त्याला घेतलं तेव्हा सोन्याच्या पाच मोहरा, म्हणजे पाच सॉव्हरिन, हातावर ठेवल्या. ब्रॅम्लीविरुद्ध तो पहिला सामना खेळला नोव्हेंबर १९०६ मध्ये, वय १५ वर्षं आणि १७५ दिवस. १३ गड्यांचा नवा खेळ सुरू झाला तोच हा हंगाम. गडी कमी, मोकळी जागा जास्त, चेंडू हातोहात फिरणारा. अशा खेळात ताकदीइतकीच नजर चालते, आणि या पोराला नजर होती. १९०९ च्या जानेवारीत, १७ व्या वर्षी, तो ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडकडून खेळला. तो सेंटरला, मागच्या फळीत खेळायचा. पुढच्या रांगेत मान घालून रेटारेटी करणं त्याच्या वाट्याला नव्हतं. हे तुमच्या गाववाल्यांना सांगा.

आता तुमच्या मुलाचं. शाळेत मी ३१ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. खोलीच्या दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाची उंची खडूने मांडायचो आणि वहीत उतरवायचो. ज्याची रेघ झपाट्याने वर सरकतेय, त्याला त्या काळात मी कमी पळवायचो. कारण तेव्हा हाड आधी वाढतं, स्नायू मागाहून पोचतो, आणि गुडघ्याच्या वाटीच्या खाली नडगीचं हाड जिथे सुरू होतं तिथे मुलं दुखतंय म्हणून सांगतात. बोट ठेवलं तरी कळवळतात. आपली मैदानं जांभ्याची, पाऊस गेला की दगडासारखी. त्यावर दिवसाला दोन-दोन तास उड्या मारून ते दुखणं बरं होत नाही. मुलाला असं दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग संघ.

दुखत नसेल, आणि त्याला स्वतःला जायचं असेल, तर सुरुवातीला शेवटची २० मिनिटं खेळवा, विंगवर, कडेला, जिथे अंगावर येणारे कमी. आठवड्यात एकच सामना. आणि त्याच आठवड्यात तो शाळेकडूनही खेळत असेल तर गावाला सरळ नाही म्हणा. नाही म्हणणारा घरात कुणीतरी लागतो.

प्रश्न : मी आमच्या वाड्याच्या संघाचा कॅप्टन आहे. परवा आमचे दोघे जखमी होऊन बाहेर गेले, बदली कुणी उरला नव्हता. आम्ही नऊ जण खेळलो आणि चार गोल खाल्ले. अशा वेळी कॅप्टनने करायचं काय? – केपे

बाळा, तुझ्या पत्रात तू स्वतःला फार दोष दिला आहेस, तो भाग मी छापत नाही. तुला एक सामना सांगतो.

१९१४ साली नॉर्दर्न युनियनचा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. कॅप्टन वॅगस्टाफ, वय २३. पहिली कसोटी २७ जूनला इंग्रजांनी २३–५ अशी जिंकली. दुसरी लगेच २९ जूनला, ती ऑस्ट्रेलियाने १२–७ अशी घेतली. तिसरी ४ जुलैला सिडनी क्रिकेट ग्राउंडवर. आठ दिवसांत तीन कसोट्या. तिसरी खरी नंतर व्हायची होती, ती अलीकडे ओढली गेली. जखमी गड्यांनी भरलेल्या संघाचे मॅनेजर जॉन क्लिफर्ड यांनी हरकत घेतली, पण मायदेशाहून तार आली की खेळलंच पाहिजे.

त्या काळी बदली खेळाडू नव्हता. गेला तो गेला. सुरुवातीलाच विंगर फ्रँक विल्यम्सचा पाय दुखावला. मग डग्लस क्लार्कचा अंगठा मोडला. क्लार्क म्हणजे हडर्सफील्डचा पुढचा गडी, कोळशाच्या धंद्यातला, पट्टीचा कुस्तीगीर. अंगठा बांधून तो परत आला, आणि मग त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. मध्यंतराला इंग्रज ९–० ने पुढे होते. दुसऱ्या अर्ध्यात विल्यम्सही बाहेर, क्लार्कही बाहेर, आणि बिली हॉलला डोक्याला मार लागून शुद्ध हरपली. १३ विरुद्ध १०. वर अर्धा तास शिल्लक, आणि समोर सिडनीचं घरचं मैदान.

वॅगस्टाफने काय केलं? एक, गड्यांच्या जागा बदलल्या. चिक जॉन्सन हा पुढच्या रेटारेटीतला माणूस विंगवर उभा केला. दोन, सगळे मागे ओढून दारात गर्दी केली नाही. चेंडू मिळाला तर जायचं, हे ठरलेलं होतं. आणि तीन, संधी आली तेव्हा स्वतः गेला. गडी चुकवत वर आला, शेवटचा माणूस आपल्या अंगावर येईपर्यंत चेंडू हातात ठेवला आणि त्याच क्षणी जॉन्सनकडे दिला. जॉन्सनने पुढे काय केलं ते फुटबॉलवाल्यांनी ऐकावं. त्याने चेंडू जमिनीवर टाकला आणि पायाने ढकलत, ड्रिबल करत, मैदानभर नेला. निमुळता चेंडू आहे, कुठे उसळेल सांगता येत नाही. तरी त्याने तो रेषेपार नेऊन त्यावर अंग टाकलं. यालाच ट्राय म्हणतात. अल्फ वुडने वरचा गोल मारला, म्हणजे ट्रायनंतरची किक खांबांमधून घातली, १४–०. ऑस्ट्रेलियाने शेवटी दोन ट्राय केले, म्हणजे त्या वेळचे सहा गुण. १४–६. मालिका इंग्रजांची. या सामन्याला रोर्क्स ड्रिफ्ट हे नाव पडलं. १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मूठभर इंग्रज शिपायांनी जी चौकी लढवली, तिच्यावरून.

ते जिंकले म्हणून तू हरलास ते चुकलं असं मी म्हणत नाही. नऊ जणांत चार गोल बसतात. पण तुझ्या पत्रात लिहिलं आहेस की दुसरा गडी गेल्यावर सगळे आपापल्याच जागी राहिले. तेवढं बदल. दोन गेले की थांबव सगळ्यांना, बूट बांधायच्या निमित्ताने अर्धं मिनिट घे आणि प्रत्येकाला बोट दाखवून नवी जागा सांग. कडा सोडून दे, मधली वाट बंद कर. आणि वर एकटा का होईना पण पळणारा ठेव. तो नसला की समोरचे बचावातलेही पुढे येतात आणि चेंडू तुमच्या दारातून हलत नाही.

महिन्याभरात पहिलं महायुद्ध सुरू झालं. दौऱ्यावरच्या फ्रेड लाँगस्टाफला १९१६ मध्ये लढाईत मरण आलं, तोही हडर्सफील्डचाच. क्लार्कला लढाईत शौर्यपदक मिळालं आणि मोडलेलं शरीर घेऊन तो १९२० मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेला. कॅप्टन पुन्हा वॅगस्टाफ. या खेपेला मालिका गेली.

प्रश्न : थोर खेळाडू चांगला कोच होतो का? वॅगस्टाफ झाला का? – फोंडा

खेळ सोडल्यावर वॅगस्टाफने हॅलिफॅक्स आणि ब्रॉटन रेंजर्स या क्लबांना शिकवलं. पण कोच म्हणून तो खेळाडूइतका मोठा नाही. त्याने दारूचा गुत्ताही चालवला, त्या काळी तिकडच्या पुष्कळ खेळाडूंचा उत्तरकाळ गुत्त्यावरच जायचा. १९३९ मध्ये, ४८ व्या वर्षी तो गेला. माझं मत असं की त्याचं खरं शिकवणं जर्सी अंगात असतानाच होऊन गेलं. तेव्हा आजच्यासारखा कडेला उभा राहणारा कोच नव्हता. काय खेळायचं ते कॅप्टन ठरवायचा. वॅगस्टाफच्या हडर्सफील्डने १९१४–१५ च्या हंगामात त्यांना मिळण्यासारखे चारही चषक घेतले. असं आजवर तीनच क्लबांना जमलं आहे, हन्स्लेट, हडर्सफील्ड आणि स्विन्टन. त्याच संघात अल्बर्ट रोझनफेल्ड हा ऑस्ट्रेलियाहून आलेला विंगर होता. १९१३–१४ मध्ये त्याने ८० ट्राय केले. तो विक्रम अजून उभा आहे. विंगरचे ८० ट्राय म्हणजे कुणीतरी आतून ८० वेळा योग्य क्षणी चेंडू दिला. हे शिकवणंच झालं.

उलट उदाहरण जिम सलिव्हनचं. कार्डिफचा पोर, १९२१ मध्ये १७ व्या वर्षी ७५० पौंडांना विगन क्लबात आला. १९३२ पासून खेळाडू आणि कोच दोन्ही, १९४६ पर्यंत खेळला, नंतर बाहेरून शिकवलं. १९४८ मध्ये वेम्ब्लीला राजा सहावा जॉर्ज स्वतः चॅलेंज कप या रग्बी लीगच्या बाद स्पर्धेचा अंतिम सामना पाहायला आला, तेव्हा जिंकलेला विगन त्याचाच. मग सेंट हेलन्सला जाऊन १९५६ मध्ये त्या क्लबला पहिला चॅलेंज कप मिळवून दिला. तो गोल मारण्यात अव्वल होता, आणि गोल मारणं ही रोज पुन्हा पुन्हा करून कमवायची कला. त्यामुळे त्याला दुसऱ्याकडून ती करून घेता आली असावी. वॅगस्टाफची कला क्षणाची. समोरचा कधी वळतो ते ओळखणं.

तरी ती थोडीफार शिकवता येते. शेतात, बांधाच्या कडेला, मी माडाचे दोन पिडे, म्हणजे झावळ्यांचे जाड देठ, जमिनीवर आडवे ठेवायचो. पहिल्या पिड्याच्या आत चेंडू द्यायचा नाही. दुसरा पिडा ओलांडला तर उशीर झाला. मध्ये दोन पावलांची जागा. एक मुलगा समोरून बचावाला येतो. चेंडूवाल्याने त्याच्या गुडघ्यांकडे बघायचं, तोंडाकडे नाही. तोंड फसवतं, गुडघा वळला की माणूस वळला. गुडघा वळला की द्यायचा. महिन्याभरात निम्म्या मुलांना जमायचं.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या स्पर्धेत यंदा देणगी चांगली जमली. मोठा चषक घ्यावा असं काहींचं म्हणणं आहे. तुमचं मत? – एक मंडळ, पेडणे

चषक लहान घ्या. संघांकडून नावं येतील तेव्हा प्रत्येक गड्यापुढे काम काय करतो तेही लिहून घ्या. रोजंदारीवरचे, हॉटेलात वाढणारे, गाडीवर क्लीनर असलेले, मासळीच्या ट्रॉलरवर जाणारे. त्यांचा त्या दिवसाचा रोज किती ते विचारा आणि सामना सुरू व्हायच्या आधी पाकिटात घालून हातात द्या, जिंकला हरला न बघता. लांबून येणाऱ्यांना बसचं भाडं वेगळं. दुपारच्या सामन्यांऐवजी रविवारी सकाळी ठेवता आले तर खाडेच कमी पडतील, तेही बघा.

यादी मात्र तुम्हीच करा. मागायला येतील म्हणून वाट बघू नका. माझ्या भावाने दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.